फ्रिजऐवजी झापडं

परतीच्या गोदामात सगळे त्यांना ‘एक्स-रे काकू’ म्हणायचे, आणि हे नाव काही लाडाने पडलेलं नव्हतं. लोकांनी घरबसल्या मागवलेल्या आणि मग नको म्हणून परत पाठवलेल्या वस्तू काकूंच्या टेबलावर यायच्या. खोकं उघडायचं, वस्तू तपासायची, ठीक असेल तर डावीकडच्या सरकत्या पट्ट्यावर सोडायची आणि खोट असेल तर उजवीकडच्या. काम एवढंच, पण काकू त्यात जीव ओतायच्या. ‘एकदाही वापरलं नाही’ म्हणून आलेल्या मिक्सरच्या भांड्यात त्या नाक खुपसून वास घ्यायच्या. ‘फक्त घालून बघितला’ म्हणणाऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशातून नाटकाचं तिकीट काढून दाखवायच्या. माणूस खोटं बोलतो हे त्या धरूनच चालायच्या, कसं बोलतो तेवढंच शोधायचं उरायचं.

त्यांचा एक नियम सगळ्या गोदामाला पाठ होता. विजेवर चालणारी वस्तू हातात आली की आधी तिची वायर उपटायची. कितीतरी वस्तू वायर लावली की झकास चालत आणि वायर काढली की मान टाकत. आत बॅटरी मेलेली, पण वरून सगळा थाट. “दुसऱ्याच्या जिवावर नाचणारं काही ठीक म्हणून सोडायचं नाही,” असं त्या शेजारच्या टेबलावरच्या चिंगीला सांगायच्या. चिंगीचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण गोदामात ती चिंगीच राहिली होती.

असल्या बाईच्या घरात काही लपवायचं म्हणजे धाडसच. आणि काकांनी ते केलं.

काका टॉवर क्रेन चालवायचे. उंच इमारती उभ्या राहताना त्यांच्याही डोक्यावर जो लोखंडी सांगाडा हात पसरून उभा असतो, त्याच्या माथ्याशी काचेची एक केबिन असते. त्या केबिनमध्ये बसून काकांनी अर्धं आयुष्य काढलं. खालून सिग्नलवाला वायरलेसवर सांगायचा आणि काका टनावारी लोखंड उचलून, पानावर भात वाढावा तितक्या हळू, दुसरीकडे ठेवायचे. मग मागच्या वर्षी त्यांच्या कानात काहीतरी बिघडलं. शिडी चढताना जग गरकन फिरलं, काकांनी शिडीला मिठी मारली, आणि दोन माणसांनी त्यांना धरून लहान मुलासारखं खाली आणलं. कानातला तोल गेलाय, डॉक्टर म्हणाले, जमिनीवर राहिलात तर काही त्रास नाही, वर मात्र जायचं नाही. कंपनीने हारतुरे न घालताच घरी बसवलं.

घरी बसलेले काका म्हणजे घरात आणलेलं मोठं कपाट. कुठेही ठेवलं तरी आडवं यायचं. काकू कामावर जायच्या, काका खिडकीत बसायचे. काकू परत यायच्या, काका खिडकीतच. त्यांची काळजी वाटायची, रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आलं की काकू भांडी जोरात आपटायच्या.

अशात एक दिवस ते खोकं घरात आलं.

“हे काय?” काकूंनी चप्पल काढायच्या आधी विचारलं.

“हेडसेट. डोळ्यांवर लावायचा. लावला की आपण दुसरीकडेच असतो.”

“घोड्याला लावतात तसली झापडं! आणि फ्रिज?”

“चालतोय की अजून.”

स्वयंपाकघरातला फ्रिज तेवढ्यात दम्याच्या रोग्यासारखा घरघरला. त्याच्याखाली पाणी टिपायला जुना टॉवेल अंथरलेला होता आणि तो रोज पिळावा लागायचा. नव्या फ्रिजसाठी पैसे बाजूला ठेवले होते. काकूंनी झापडांचा भाव विचारला नाही. असले हेडसेट त्यांच्या टेबलावर ढिगाने येत. चार दिवसांची हौस, मग डोकं गरगरतं म्हणून परत. जे घालून धडधाकट माणसं भिंती धरतात, ते चक्कर येणाऱ्या माणसाने फ्रिज बुडवून का आणावं? काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

“परत करायची मुदत आहे ना?” त्यांनी विचारलं.

“महिनाभर.”

“बरं,” काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ‘बरं’ आलं की गोदामात लोक घाबरत. काका घाबरले नाहीत, कारण त्यांचं लक्ष खोक्याकडे होतं.

पुढे एकेक गोष्ट काकूंच्या नजरेत टोचू लागली. काका खिडकीतून उठले. चेहऱ्यावर तरतरी आली, दाढी रोज होऊ लागली. काकूंनी विचारलं, “दिवसभर काय केलंत?” तर काका म्हणायचे, “काही नाही,” पण इतक्या झटकन, की ते आधीच तयार करून ठेवलेलं असावं. सुट्टीच्या दिवशी काका झापडांना हात लावायचे नाहीत. “तुमचं ते खेळणं घाला की,” काकू मुद्दाम म्हणायच्या. “आज नको, कंटाळा आलाय,” काका म्हणायचे. कंटाळा यायचा तो फक्त बायको घरात असताना, हे काकूंनी बरोबर टिपलं.

मग बादली. संध्याकाळी न्हाणीघरातली लाल बादली घासून, पालथी घालून ठेवलेली असायची. ज्या माणसाने उभ्या जन्मात चहाचा कप विसळला नाही, तो बादली घासतोय! काकूंनी बादलीचा वास घेतला. साबणाचा वास होता, आणि गरजेपेक्षा जास्त होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका सकाळी काका आंघोळीला गेले तशा काकूंनी कपाटातून हेडसेट काढला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून, गोदामात तपासायच्या तसा तपासला. आधी चेहऱ्याला टेकणारा स्पंज. त्यावर पांढरट थर होता. बोट फिरवून त्यांनी नाकाशी नेलं. पावडर! घरात पावडरचा डबा नव्हता. काकूंना तिने शिंका यायच्या. मग डोक्यामागचा पट्टा. काकांचं डोकं एवढं मोठं, की त्यांना हेल्मेट वेगळं मागवावं लागायचं. पट्टा मात्र पार शेवटपर्यंत आवळलेला होता. एवढ्याशा डोक्यासाठी. काकूंनी हेडसेट होता तसा ठेवला, आणि दुधाचं भांडं फ्रिजऐवजी कपड्यांच्या कपाटात ठेवून कामावर गेल्या.

“पावडर लावणारी, लहान डोक्याची,” गोदामात त्या चिंगीला म्हणाल्या.

“काकू, काकांचं वय काय, तुम्ही बोलताय काय!”

“वयाचं काय घेऊन बसलीस? वस्तू जुनी झाली म्हणून वापरात नसते असं थोडंच आहे?”

चिंगीला हसू आवरेना, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी बघून तिने ते गिळलं.

पावडरवालीचं नाव त्यांच्या मनात ठरलेलंच होतं. वरच्या मजल्यावर एक शिवणवाली राहायची. एकटी, नीटनेटकी, डोकं सुपारीएवढं, आणि जिन्यात भेटली की पावडरचा घमघमाट. त्याच आठवड्यात ती जिन्यात थांबून म्हणाली होती, “काका बरे आहेत ना? नाही, दुपारचा आवाज येतो म्हणून विचारलं.” कसला आवाज, हे विचारायला काकूंची जीभ रेटली नाही. उत्तर मिळालं असतं तर काय करायचं होतं? एवढी वर्षं हा माणूस आकाशात टांगलेला असताना त्यांनी जमिनीवर बसून त्याची वाट बघितली होती. आता तो जमिनीवर आला, तर कुणासाठी? हा विचार आला की त्यांच्या पोटात खड्डा पडायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोट दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. ते अगदीच खोटं नव्हतं.

जिना त्यांनी चपला हातात घेऊन चढला. दाराला कान लावला. आतून घूंऽऽ असा सतत आवाज येत होता, आणि मधूनच काकांचा, दबका, मायाळू. “हळू... हळू... अजून जरा खाली... बास.” काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी किल्ली फिरवली आणि दार लोटलं.

खोलीच्या मधोमध काका हाताच्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर झापडं, दोन्ही मुठींत झापडांबरोबर आलेले दोन दांडे. समोर स्टुलावर टेबलफॅन पूर्ण वेगात, थेट त्यांच्या तोंडावर. पायाशी लाल बादली. काकूंनी पडद्यामागे बघितलं, बाल्कनीत बघितलं, आणि सांगायला लाज वाटते, पलंगाखालीही बघितलं. कुणी नव्हतं. काकांना कशाचा पत्ता नव्हता. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, जबडा आवळलेला होता, आणि दोन्ही मनगटं इतक्या अलगद हलत होती, की काकूंना ती हालचाल ओळखीची वाटली. घरी जेवताना मिठाची वाटीसुद्धा काका तशीच सरकवत.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण काकूंची नजर बादलीवर गेली आणि तिथेच अडकली.

काकांनी झापडं उतरवली. समोर बायको, हातात चपला.

“आज लवकर?” ते म्हणाले.

“पावडर कुणाची?”

“अं? माझी. घाम येतो, स्पंजाला वास मारतो. तुला कळला असता.”

“आणि पट्टा? एवढा आवळलेला?”

“ढिला राहिला की चित्र हलतं आणि मग...” काका थांबले. त्यांच्या कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता.

“मग ओकारी येते,” काकूंनी वाक्य पुरं केलं. “म्हणून बादली. अहो, चाललंय काय तुमचं?”

काकांनी मग लपवलं नाही. लपवायला आता उरलंच नव्हतं काही. या झापडांत क्रेनचा सराव करता येतो. शिकाऊ लोकांसाठी केलेला असतो, पण अगदी हुबेहूब केबिन, हुबेहूब उंची. सुरुवातीला दोन मिनिटांत बादली लागायची. काका रोज थोडं थोडं वाढवत गेले. आता तास तास बसतात. मुकादमाशी बोलणं झालंय. येत्या सोमवारी कंपनीची तपासणी आहे. दिली की पुन्हा वर.

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“वर जाऊ नका म्हणाले. मी वर कुठे गेलो? खुर्चीत तर बसलोय. आणि हे बघ, बरा झालोय मी! फ्रिजचं विचारलं होतंस ना? पहिल्या पगारात दोन फ्रिज घे.”

काकांचा चेहरा असा उजळला होता, की काकूंना क्षणभर वाटलं, मान्य करून टाकावं. किती महिन्यांनी हा माणूस माणसासारखा दिसत होता. पण मान्य करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“बरे झालात, तर बादली कशाला?”

“सवय.”

“बरं. दाखवा.”

काका खुशीत आले. झापडं चढवली, पट्टा आवळला, दांडे धरले. पंखा घोंघावत होता. “आता पोलाद उचलतोय, बाराव्या मजल्यावर ठेवायचंय,” ते सांगू लागले. आवाज स्थिर, मान ताठ. काकू सगळीकडून निरखत एक फेरी मारून आल्या. वस्तू झकास चालत होती. मग त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं, आणि हात सवयीने भिंतीशी गेला. त्यांनी पंख्याची वायर उपटली.

पाती सावकाश थांबली. काका बोलत होते, “हं, आता वळवतो... वळवतो...” मग बोलणं तुटक झालं. वरच्या ओठावर घाम फुटला. मान एका बाजूला कलायला लागली, जणू खोलीच कुणी तिरकी धरली होती. डाव्या हातातला दांडा सुटला. काका खुर्चीतून कोसळणार तोच काकूंनी त्यांना काखेत हात घालून धरलं आणि दुसऱ्या हाताने बादली ओढली. बादली लागली.

बऱ्याच वेळाने काका जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून बसले होते. झापडं बाजूला पडली होती.

“पंखा बंद केलास.”

“केला.”

“तोंडावर वारा असला की गरगरत नाही. आधी सांगायला हवं होतं मी.”

“आणि वर? केबिनची काच बंद असते. उन्हाळ्यात भट्टी होते, शर्ट पिळून घालतो, असं तुम्हीच सांगत आलात ना? वर पंखा घेऊन कोण उभं राहणार?”

काकांनी बंद पंख्याकडे बघितलं.

“खाली माणसं असतात हो,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. “तुम्ही पडाल ते पडालच. पण तुमच्या हातातलं ते लोखंड कुणाच्या डोक्यावर जाईल? मला वाटलं होतं, तुम्ही बाई आणताय घरात. ती शिवणवाली. ती असती तर बरं झालं असतं! भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या. आता या कानाशी कसं भांडू मी?”

“बाई?” काकांनी मान वर केली. “शिवणवाली?” आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसक्यात डोळे भरले, आणि मग ते हसत नव्हते.

“तुला नाही कळायचं,” काका म्हणाले. “इथे खाली मी कोण आहे? कुणीतरी म्हातारा, रांगेत पुढे सरका म्हणतात. वर गेलो की सगळं काम माझ्या हाताकडे बघत थांबायचं. एवढी वर्षं त्या केबिनमध्ये काढली आणि तू एकदाही आली नाहीस बघायला. खालीसुद्धा नाही.”

हे खरं होतं. काकूंना तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतही कठड्यापाशी उभं राहवत नव्हतं. नवरा काम करतो तो रस्ता टाळून त्या पलीकडून जायच्या. वर बघितलं तर तो पडेल, अशी त्यांच्या मनात वेडी भीती बसली होती, आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. आता बोलून दाखवली.



मुदत अजून संपली नव्हती. खोकं माळ्यावर होतं. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता, आणि ही झापडं परत पाठवून नवा कसा आणायचा, हे काकूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हेडसेट उचलला. भिंग बघितलं, पट्टा बघितला. खोट त्यात नव्हती, हीच पंचाईत होती.

“घाला मला,” त्या म्हणाल्या.

“तुला? अगं, तुला झेपायचं नाही.”

“घाला म्हणते ना.”

काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, स्पंज पुसला, पट्टा हळू आवळला. “डोळे मिटून घे. मी सांगितलं की उघड. आणि खाली बघू नकोस.”

काकूंनी डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वरच्या मजल्यावर शिवणवालीनेही ऐकला असेल. चहूकडे नुसतं आकाश होतं. समोर लांबच लांब पिवळा लोखंडी हात, त्याच्या टोकाला दोरावर लटकणारा आकडा, आणि दूरवर गच्च्या, रस्ते, एक चकाकणारं तळं. त्यांनी काकांचा हात असा पकडला, की नखं रुतली. एवढ्या उंचावर, एवढासा हा डबा! आणि याच्यात बसून हा माणूस संध्याकाळी येताना भाजी आणायला विसरायचा नाही.

“कशी आहेस?”

“गप्प बसा. हात सोडू नका.”

पण काकांनी हात सोडवून घेतला. पावलं दूर गेली. खण उघडल्याचा आवाज आला. काकूंचे कान टवकारले. काय काढतायत? कुठे चाललेत? मी इथे आंधळी बसलेय ते बघून तपासणीचे कागद लपवतायत? मग फोनची बटणं वाजली, आणि पलीकडच्या खोलीतून काकांचा तोच दबका आवाज आला.

“मुकादम, सोमवारचं माझं नाव काढा... नाही, तब्येत ठीक आहे हो... नाही, पुढच्या वेळीही नको. वर यायचं नाही आता मला.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मग, “हो, घरीच आहे. पाहुणे आलेत वर. ठेवतो.”

काकू खुर्चीचे हात धरून बसल्या होत्या. झापडांच्या आत स्पंज ओला झाला, आणि यावेळी तो घामाने नव्हता. आकाश डुगडुगायला लागलं, पोट ढवळलं. बादली कुठे आहे हेही दिसत नव्हतं.

पावलं परत आली. भिंतीशी खट् झालं. घूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि काकूंच्या तोंडावर गार वारा आला. आकाश हळूहळू जागेवर थांबलं. खांद्यावर काकांचा हात टेकला.

“आता बघ खाली,” काका म्हणाले. “मी धरलंय.”

आणि एक्स-रे काकूंनी, एकही उलट प्रश्न न विचारता, खाली बघितलं.